बॅटरीचे सहा कप्पे आणि गृहिणीची वही



घरात काय किती शिल्लक आहे, याचा अंदाज आपल्याला न मोजताही असतो. सिलिंडर जरा कलता करून पाहिला की गॅस किती दिवस पुरेल ते समजते. तांदळाच्या डब्यात हात घातला की महिना निघेल की नाही ते कळते. पण जिन्याखाली नाहीतर गॅलरीच्या कोपऱ्यात एक जड पेटी बसलेली असते ना, तिच्या बाबतीत मात्र आपण सगळ्याजणी एका दिव्यावर विसंबून असतो. इन्व्हर्टरवर हिरवा दिवा दिसला की बॅटरी भरली, असे समजून आपण कामाला लागतो. मग एक दिवस वीज जाते, पंखे फिरू लागतात, आणि वीस मिनिटांत ‘टूं टूं’ करून सगळे बंद! मग मेकॅनिकला फोन, आणि त्याचे ठरलेले उत्तर, ‘‘बॅटरी गेली, ताई. नवीन घ्या.’’

खरेच गेली का? सगळी गेली, की तिचा एक भाग गेला? आणि जाण्याच्या दोन महिने आधी आपल्याला कळले असते तर? आज याचबद्दल बोलू. बॅटरीच्या आतल्या एकेका सेलवर लक्ष कसे ठेवायचे, त्यासाठी कोणते साधन घ्यायचे आणि कशावर उगाच पैसा घालायचा नाही, ते पाहू. ‘हे आमच्या ह्यांचे खाते’ म्हणून पान उलटू नका हं! वीज जाते तेव्हा घरात बहुधा आपणच असतो.

आत असते तरी काय?

बारा व्होल्टची बॅटरी बाहेरून एकच पेटी दिसते, पण आत तिचे सहा कप्पे असतात. वर जी सहा झाकणे दिसतात, ती या कप्प्यांची. प्रत्येक कप्पा म्हणजे एक सेल. त्यात शिशाच्या पट्ट्या आणि पाणी मिसळलेले गंधकाम्ल, म्हणजेच सल्फ्युरिक ॲसिड. गास्ताँ प्लान्ते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ साली शिशाची अशी बॅटरी पहिल्यांदा बनवली. आजच्या ट्यूब्युलर बॅटरीची घडण सुधारली आहे, पण मूळ रीत तीच.

एक भरलेला सेल दोन व्होल्टच्या किंचित वर, साधारण २.०८ व्होल्ट देतो. असे सहा सेल एकापुढे एक जोडले की झाले साडेबारा व्होल्ट. आता समजा, त्यातला एक सेल पार बसला. उरलेल्या पाचांचे मिळून झाले १०.४ व्होल्ट. आणि बहुतेक इन्व्हर्टर साडेदहाच्या आसपास आले की आपोआप बंद होतात. म्हणजे पाच सेल ठणठणीत, एक आजारी, आणि घरात अंधार!

एवढ्यावर भागत नाही. चार्ज करणाऱ्या यंत्राला आतले सहाजण दिसत नाहीत, त्याला फक्त बेरीज दिसते. ते आपले इमानेइतबारे १३.८ व्होल्ट देत राहते. सहाजणांत ते वाटले गेले तर प्रत्येकाच्या वाट्याला २.३ येतात, ते ठीक. पण एक सेल आतून जुळून बसला असेल, तर तेच १३.८ पाचजणांत वाटले जातात आणि प्रत्येकाला पावणेतीन व्होल्ट सोसावे लागतात. मग ते उकळल्यासारखे बुडबुडे काढतात, पाणी भराभर आटते, बॅटरी हाताला गरम लागते आणि उग्र वास येतो. एकाच्या आजारपणाने पाच धडधाकट सेल काही आठवड्यांत खलास होतात. हिरवा दिवा तेव्हाही लागू शकतो, कारण बेरीज जुळलेली असते.

म्हणून पहिली गोष्ट मनात पक्की ठेवा. बेरजेवर विसंबायचे नाही, घटक पाहायचे.

एवढे कशाला बघायचे?

२००५ नंतरची काही वर्षे महाराष्ट्रात भारनियमनाने कहर केला, तेव्हा गावोगावी घरात इन्व्हर्टर आले. तेव्हा दोन ट्यूब आणि दोन पंखे चालले की आपण खूश होतो. आता घरात बॅटरीवर काय काय असते पाहा. मुलीचे घरून चालणारे ऑफिस, सासूबाईंचे इन्सुलिन ठेवलेला फ्रीज, आणि काही घरांत तर कुणाचे ऑक्सिजनचे यंत्र.

या शेवटच्या गोष्टीचा हिशेब करू. पाच लिटरचे ऑक्सिजन काढणारे घरगुती यंत्र साधारण ३०० वॉट घेते. १५० एएचच्या बॅटरीत कागदावर १५० गुणिले १२, म्हणजे १८०० वॉट-तास वीज असते. भागाकार केला तर सहा तास येतात. पण इन्व्हर्टर स्वतः थोडी वीज खातो आणि बॅटरी तळापर्यंत उपसायचीही नसते, तेव्हा प्रत्यक्षात तीन-चार तास धरावेत. त्यातून एक सेल कमजोर असेल तर तीन तासांचा भरवसा अर्ध्या तासावर येतो, आणि तो कधी येतो हे आपल्याला वीज गेल्यावरच कळते. ज्या घरात असा रुग्ण आहे तिथे इन्व्हर्टर शुद्ध साइन वेव्हचा हवा, भरलेला सिलिंडर राखीव हवा, आणि सेलची तपासणी महिन्याला नव्हे, पंधरवड्याला हवी.

हात लावण्यापूर्वी

आता एक ताकीद. ही वाचल्याशिवाय पुढे जायचे नाही.

हातातल्या बांगड्या, पाटल्या, अंगठ्या काढून ठेवा. मंगळसूत्र ब्लाउजच्या आत घाला. बारा व्होल्टचा झटका बसत नाही हे खरे, पण सोन्याची पाटली बॅटरीच्या दोन टोकांना एकदम टेकली, तर तिच्यातून शेकडो अँपिअर प्रवाह धावतो. पाटली क्षणात लाल होते आणि मनगट भाजून निघते. पदर खोचा, केस बांधा. डोळ्यांवर साधा का होईना चष्मा हवा, हातात रबरी मोजे हवेत. जुनी साडी नेसा, कारण ॲसिडचा थेंब सुती कापडाला धुतल्यावर भोक पाडतो.

बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन वायू सुटतो, आणि तो ठिणगीने पेटतो. म्हणून बॅटरी देवघराच्या खाली, निरांजन-समईजवळ किंवा गॅसच्या शेगडीशेजारी कधीच ठेवू नये. बंद कपाटातही नको, वारा खेळता हवा. झाकण उघडताना आधी इन्व्हर्टर बंद करून घरातल्या कर्त्या माणसाकडून विजेचा प्लगही काढून घ्या. इन्व्हर्टरच्या बाहेर येणाऱ्या तारांत २३० व्होल्ट असतात, तिकडे आपण जायचेच नाही. जवळ एका वाटीत खायचा सोडा असू द्या. फरशीवर ॲसिड सांडले तर त्यावर तो टाकावा. डोळ्यांत उडाले तर मात्र सोडा नको. निदान पंधरा मिनिटे नळाच्या पाण्याने डोळा धुवायचा आणि तडक डॉक्टरकडे जायचे.

एकच बॅटरी असेल तर

तुमच्याकडे पाणी घालायची एकच ट्यूब्युलर बॅटरी असेल, तर महागडे काही घेऊ नका. दुकानदार पडद्यावर आकडे दाखवणारे यंत्र पुढे करील. ते बहुधा सगळ्या बॅटरीचे व्होल्ट दाखवते, एकेका सेलचे नाही. आपल्याला हवा तो हायड्रोमीटर. बॅटरीच्या दुकानात शे-दोनशे रुपयांत मिळतो.

दुधात पाणी किती ते पाहायला डेअरीवाले लॅक्टोमीटर बुडवतात, ठाऊक आहे ना? हा त्याचाच भाऊ. काचेच्या नळीत तरंगणारी एक कांडी असते आणि वर रबरी फुगा. फुगा दाबून नळीचे टोक कप्प्यात बुडवायचे आणि फुगा सैल सोडायचा. ॲसिड वर चढते आणि कांडी तरंगते. बॅटरी भरलेली असली की ॲसिड दाट असते, कांडी वर येते. रिकामी होत जाते तसे ॲसिड पातळ होते, कांडी बुडते. पातळी जिथे टेकते तो आकडा वाचायचा. मग ॲसिड ज्या कप्प्यातले त्याच कप्प्यात परत सोडायचे. एकाचे दुसऱ्यात अजिबात नाही!

घरगुती ट्यूब्युलर बॅटरीत भरलेल्या सेलचा आकडा साधारण १.२४० असतो. बोलताना त्याला ‘बाराशे चाळीस’ म्हणतात. तुमच्या बॅटरीचा नेमका आकडा तिच्या पुस्तिकेत किंवा अंगावर छापलेला असतो, तो खरा मानावा. हायड्रोमीटरवर लाल, पांढरे, हिरवे पट्टे असतात, पण ते पुष्कळदा मोटारगाडीच्या बॅटरीच्या हिशेबाने रंगवलेले असतात. गाडीच्या बॅटरीचा आकडा १.२७० च्या आसपास असतो. तेव्हा आपली भरलेली बॅटरी हिरव्यात दिसली नाही म्हणून घाबरू नका. रंग सोडा, आकडा वाचा.

मोजायची वेळ ठरवून ठेवा. सकाळी, रात्रभर चार्जिंग झाल्यावर, दोनेक तास बॅटरी शांत राहू देऊन. नुकतेच पाणी घातले असेल तर त्या दिवशी मोजू नका. पाणी वरच तरंगत राहते आणि आकडा फसवा येतो. पाणी घालून, एक दिवस चार्ज होऊ देऊन मगच मोजावे. आणि पाणी म्हणजे डिस्टिल्ड वॉटरच. फिल्टरचे नको, एसीच्या नळीचे नको. ॲसिड तर आपल्या हाताने कधीच घालायचे नाही.

हवा तापली की आकडा जरा उतरतो. दहा अंश उष्णता वाढली तर साधारण सात घरे. सहाही सेल सारखेच तापतात, तेव्हा त्यांच्यातली तुलना बिघडत नाही. आणि आपल्याला तुलनाच करायची आहे.

आता वहीत लिहा. समजा आकडे असे आले: १२४०, १२३५, १२४०, १९ नंबरच्या पावतीसारखा कुठला तरी भलताच नव्हे, पण चौथा ११८५, मग १२४०, १२३५. दिसला ना चौथा? पाच-दहाचा फरक म्हणजे काहीच नाही. तीसचा फरक आला तर पुढच्या आठवड्यात पुन्हा मोजा. पन्नास किंवा जास्त आला, तर मेकॅनिकला बोलवा आणि बॅटरीला जादा वेळ सावकाश चार्जिंग देऊन सगळे सेल एका पातळीवर आणायला सांगा. त्याला ते ‘इक्वलायझिंग’ म्हणतात. त्यानंतरही तोच सेल मागे राहिला, तर दोष त्या सेलमध्येच आहे. बॅटरी हमीच्या मुदतीत असेल तर उशीर न करता तक्रार नोंदवा.

दोन किंवा चार बॅटऱ्या असतील तर

मोठ्या इन्व्हर्टरला दोन बॅटऱ्या असतात, सौरऊर्जेच्या संचाला कधी चार. २०२४ च्या फेब्रुवारीत पंतप्रधान सूर्यघर योजना सुरू झाल्यापासून छपरावर पॅनेल बसवण्याची चर्चा घरोघर आहे. साधी, बॅटरी नसलेली जोडणी असेल तर बाहेरची वीज गेल्यावर पॅनेलचे यंत्रही सुरक्षेसाठी बंद होते. म्हणून ज्यांना वीज गेल्यावरही दिवे हवेत, ते बॅटऱ्यांचा संच घेतात. चार बॅटऱ्या म्हणजे चोवीस सेल. चोवीसांत एकाची कुरबुर बेरजेत कुठे दिसणार?

इथे हायड्रोमीटरच्या जोडीला एक मल्टिमीटर घ्या. तीन-चारशे रुपयांपासून मिळतो. चकती डीसी २० व्होल्टवर ठेवायची, लाल टोक अधिकला, काळे उणेला. चार्जिंग चालू असताना दोन बॅटऱ्यांची बेरीज २७.६ व्होल्ट आली, उत्तम! पण एकेकीची मोजली आणि एक १३ व १४.६ दुसरी निघाली, तर? बेरीज तीच, पण एक उपाशी आणि दुसरी अजीर्णाने बेजार. मग वीज नसताना, दोन पंखे आणि दोन दिवे चालू ठेवून पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा. जी भराभर खाली उतरते ती कमजोर. पाव व्होल्टपेक्षा जास्त फरक वरचेवर दिसू लागला की हायड्रोमीटर काढायचा आणि सेल शोधायचा.

रोज वाकून मोजणे जमत नसेल, तर प्रत्येक बॅटरीचे व्होल्ट वेगवेगळे दाखवणारा फलक भिंतीवर बसवून घेता येतो. घेताना विचारा, ‘‘चारींचे चार आकडे दिसतात ना?’’ एकच आकडा दिसत असेल तर ते आपल्या कामाचे नाही. बॅटऱ्यांमध्ये समतोल राखणारा ‘बॅलन्सर’ही मिळतो. नव्या, सारख्या बॅटऱ्यांना तो चांगला. पण आजारी बॅटरीला तो बरे करत नाही. उलट चांगलीतले तिला देत राहतो आणि आजार काही दिवस झाकतो. म्हणून बॅलन्सर बसवला तरी वही सोडायची नाही.

आणखी एक. चारांतली एक बदलायची वेळ आली आणि बाकीच्या तीन-चार वर्षे जुन्या असतील, तर नवी-जुनी जोडी लावू नका. नवी जुन्यांच्या संगतीत लवकर थकते. पण संच वर्षा-दीड वर्षाचाच असेल आणि एकीतच दोष सापडला असेल, तर ‘चारही बदला’ या सल्ल्याला वही दाखवून नाही म्हणता येते. एका चांगल्या ट्यूब्युलर बॅटरीची किंमत पाहिलीत, तर हा ‘नाही’ केवढ्याचा आहे ते समजेल.

पाणी न घालायच्या, सीलबंद बॅटऱ्यांत झाकणच उघडत नाही, तेव्हा हायड्रोमीटर चालत नाही. तिथे प्रत्येक बॅटरीचे व्होल्ट, चार्जिंगनंतरचे आणि भार दिल्यावरचे, एवढेच पाहता येते. सेल पाहण्याची ज्यांना गरज वाटते, त्यांनी घेतानाच हा विचार करावा.

लिथियमची बॅटरी घ्यायची म्हणता?

सध्या दुकानात लिथियम बॅटरीचा बोलबाला आहे. घरासाठी बहुधा लिथियम आयर्न फॉस्फेट या जातीची देतात. १९९७ साली अमेरिकेत टेक्सास विद्यापीठातल्या जॉन गुडइनफ यांच्या प्रयोगशाळेने तिच्यावरचे संशोधन प्रसिद्ध केले. याच गुडइनफना लिथियम बॅटरीवरच्या कामासाठी २०१९ मध्ये आणखी दोघांसह रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. ही बॅटरी हलकी, पाणी मागत नाही, पुष्कळ वर्षे टिकते. लिथियमच्या इतर काही जातींपेक्षा शांत स्वभावाची आहे, पण बेफिकिरी तिलाही चालत नाही.

हिचा एक सेल ३.२ व्होल्टचा. चार सेल जोडले की १२.८, आठ जोडले की २५.६, सोळा जोडले की ५१.२. भरताना कुठलाही सेल ३.६५ च्या वर जाता कामा नये, आणि वापरताना २.५ च्या खाली. हे पाहायला आत एक पहारेकरी असतो. त्याला ‘बीएमएस’ म्हणतात. एक सेल जरी हद्दीला पोचला तरी तो सगळा पुरवठा तोडतो.

पंगतीचे उदाहरण घ्या. सोळा पाने वाढली आहेत आणि नियम असा की, पहिल्याचे पोट भरले की वाढप्याने भांडे उचलून आत न्यायचे. मग सगळ्यांची भूक सारखी नसेल तर काहीजण अर्धपोटी उठणार. लिथियमचे तसेच होते. सेल एकसारखे नसतील तर एक भरताच चार्जिंग थांबते, आणि एक रिकामा होताच वापरही थांबतो. बॅटरी कागदावर १०० एएचची असते, पण घराला ऐंशीचीच मिळते.

शिवाय या सेलचे व्होल्ट मधल्या सगळ्या काळात ३.२ ते ३.३ च्या आसपासच रेंगाळतात. त्यामुळे कोण पुढे, कोण मागे, ते मधेच पाहून कळत नाही. बॅटरी पूर्ण भरत आली की मगच फरक उघडा पडतो. एक ३.६० वर चढतो आणि दुसरा अजून ३.४० वर असतो. म्हणून लिथियमचे आकडे पाहायचे ते भरत आल्याच्या वेळी.

हा फरक मिटवायच्या दोन रीती आहेत. साध्या रीतीत पुढे गेलेल्या सेलमधली जादा वीज उष्णता करून घालवतात. दुसऱ्या, ‘ॲक्टिव्ह’ रीतीत भरलेल्याच्या पानातले काढून उपाशी पानात वाढतात. साध्या रीतीचा वेग फार कमी, बहुधा एका अँपिअरचा दहावा भाग किंवा त्याहून कमी. समजा फरक पाच एएचचा आहे आणि वेग अँपिअरचा विसावा भाग. म्हणजे शंभर तास लागणार! आणि ही जुळवणी साधारण बॅटरी भरत आल्यावरच चालते. दिवसाला एकच तास मिळाला तर शंभर दिवस झाले. एक अँपिअरची ॲक्टिव्ह रीत तेच काम पाच तासांत करते. नवी, कारखान्यात जुळवून आलेली लहान बॅटरी असेल तर साधी रीत पुरते. सुटे सेल आणून कुणी स्थानिक कारागीर संच बांधून देत असेल, किंवा संच मोठा असेल, तर ॲक्टिव्ह मागा.

दुकानात विचारायचे प्रश्न

कागदावर लिहून न्या.

१. प्रत्येक सेलचे व्होल्ट वेगळे दिसतात का? नुसती टक्केवारी नको.

२. बीएमएस किती अँपिअरचा आहे? १२.८ व्होल्टच्या बॅटरीवर हजार वॉटचा भार टाकला तर वाटेतली गळती धरून नव्वदेक अँपिअर लागतात. बीएमएस त्याहून बराच दणकट हवा.

३. उष्णता मोजणारे किती टिकल्या-तारा आत आहेत? निदान दोन हव्यात, आणि त्या सेलला टेकलेल्या हव्यात.

४. सेलकडून आकडे आणणाऱ्या बारीक तारांना फ्यूज आहेत का? यातली एक तार ढिली झाली तरी चांगला सेल आजारी दिसतो.

५. धोक्याची सूचना घरात आवाजाने मिळते, की फक्त मोबाइलवर?

६. बीएमएसचे ॲप इंटरनेट नसतानाही चालते का? आणि त्याचा मूळचा पासवर्ड बदलता येतो का? कारखान्यातून येणारा पासवर्ड सगळ्यांना ठाऊक असतो, आणि ब्लूटूथ शेजारच्या घरापर्यंत पोचते.

७. यंत्र स्वतः किती वीज खाते? एका वॉटने महिन्यात ७२० वॉट-तास होतात. मे महिन्यात घर बंद करून गावी जाणाऱ्यांनी हे जरूर विचारावे.

८. माझा जुना इन्व्हर्टर या बॅटरीला चालेल का? शिशाच्या बॅटरीची चार्जिंगची मापे लिथियमला चालत नाहीत.

९. बिघडले तर गावात येऊन पाहणार कोण?

कुणी म्हणाले, ‘‘बीएमएस सारखा ट्रिप होतो, मी तो बाजूला ठेवून थेट जोडून देतो,’’ तर त्याला चहा पाजा आणि निरोप द्या. पहारेकरी ओरडतो म्हणून त्याला कुणी घरी पाठवत नाही. बॅटरी फुगलेली दिसली किंवा गोडसर, उग्र वास आला, तर स्विच बंद करून लांब व्हावे आणि माणूस बोलवावा.

आणि पाचव्या प्रश्नाकडे पुन्हा लक्ष द्या, बरं का. पुष्कळ घरांत ते ॲप मुलाच्या मोबाइलवर असते. मुलगा पुण्याला, नाहीतर हे दौऱ्यावर. ब्लूटूथ दहा-बारा मीटरच्या पुढे जात नाही, तेव्हा आकडे कुणालाच दिसत नाहीत. बॅटरीजवळ सासूबाई आणि सूनबाई, आणि बॅटरीची खबर दुसऱ्या गावी! बसवायला माणूस येईल त्या दिवशीच ॲप स्वतःच्या मोबाइलवर घालून घ्या, सेलचे पान कसे उघडायचे ते त्याच्यासमोर दोनदा करून पाहा. मोबाइल जमत नसेल तर भिंतीवरच्या पडद्याचा आग्रह धरा. ज्या साधनाचे आकडे घरात राहणाऱ्या बाईला वाचता येत नाहीत, ते कितीही महाग असले तरी त्या घराच्या उपयोगाचे नाही.

वहीचे मोल

साधन शंभर रुपयांचे असो की दहा हजारांचे, त्याच्यामागे वही हवीच. दुधाच्या हिशेबाची वही असते ना? तिच्याच शेवटच्या पानावर महिन्याच्या पहिल्या रविवारी तारीख घाला आणि आकडे लिहा. शेजारी पाणी किती घातले तेही टिपा. एका कप्प्याला इतरांपेक्षा जास्त पाणी लागू लागले, तर तीही एक खूणच. खरेदीची पावती आणि हमीपत्र त्याच वहीत ठेवा.

एकदा का सहा महिन्यांचे आकडे जमले, की तक्रार घेऊन जाताना ‘बॅटरी लवकर उतरते हो’ असे मोघम बोलावे लागत नाही. ‘चौथा सेल मार्चपासून मागे आहे, इक्वलायझिंग करूनही वर आला नाही,’ असे सांगितले की समोरचा माणूस खुर्ची पुढे ओढून बसतो. आणि खरोखरच बॅटरी संपली असेल, तर जुनी दुकानदाराला परत द्यायची. शिशाला मोल असते, नव्या किमतीतून ते वजा करून घ्या. २०२२ च्या नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या गोळा करून त्यांची योग्य विल्हेवाट लावण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. भंगारवाल्याला देऊन ॲसिड गटारात ओतू देऊ नका.

या रविवारी सुरुवात करा. पाटल्या काढून, पदर खोचून. सहा झाकणे, सहा आकडे, पंधरा मिनिटांचे काम. काही फरक आढळला, तर कोणत्या प्रकारची बॅटरी आहे, किती जुनी आहे आणि आकडे काय आले, ते सगळे लिहून आम्हांला कळवा. पुढच्या आठवड्यात आपण वाळवणांकडे वळू.